दोनला उचलायचा टप

मुलांनो, तुमच्या आजोबांची लाल स्पोर्ट्स कार उन्हाळाभर उघडीच असे. जोतिबाच्या घाटात केसांची पार दैना व्हायची. पावसाळ्याआधी तिच्यावर लोखंडी टप, म्हणजे काढता-घालता येणारं छत, बसवणं हे आम्हा दोघांचं काम. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून डिकीवर माझी जुनी सुती साडी अंथरायची, त्यावर टप टेकवायचा आणि मग दोघांनी एकदम उचलून पुढे बसवायचा. ते डावीकडे, मी उजवीकडे. ते "एक, दोन, तीन" मोजत, पण उचलत मात्र दोनलाच. मी दरवर्षी रागवायचे. पुढे माझेही हात दोनलाच उचलू लागले.

यंदा ते नाहीत. डावीकडे कागलचे आमचे जुने मिस्त्री उभे राहिले. त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि दोनला मी उचलला. टप तिरका झाला, त्याची कड साडीवरून घसरत रंगाकडे निघाली. मिस्त्रींनी ती पोटानं अडवली.

"आजी, म्या अजून तीन कुठं म्हटलंय!"

"आमच्याकडे दोनला उचलतात."

"मग तीन म्हणायचं तरी कशाला?"

इतकी वर्षं मीही तुमच्या आजोबांना हेच विचारत आले होते.

साडी बाजूला करून पाहिलं. ओरखडा नव्हता. साडी पुन्हा नीट अंथरली.

"चला, दोनला तर दोनला," मिस्त्री म्हणाले.

या वेळी टप दोघांच्या हातांत सरळ वर आला. तो हवेत असतानाच मी हळूच "तीन" म्हणाले.