मुकादम आणि ‘ऑफिस सगळे २’

“या दोन ग्रुपमध्ये फक्त एका माणसाचा फरक आहे,” खैरनार साहेब स्क्रीनवर बोट टेकवत म्हणाले. “‘ऑफिस सगळे’ आणि ‘ऑफिस सगळे २’. दुसऱ्यात कोणीतरी राहून गेलंय बिचारं. घ्या त्यालाही.”

ते राहून गेलेलं बिचारं माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसलं होतं.

पालमच्या बाहेर रस्त्याला लागून आमचा पशुखाद्याचा प्लांट आहे. सरकी पेंड, मका, भुसा आत जातं आणि गोणीत भरून बाहेर येतं. तिथलं आयटी डिपार्टमेंट म्हणजे मी, एक कपाट आणि एक कुरकुरणारा स्टॅबिलायझर. खैरनार साहेब आमचे जनरल मॅनेजर, नाशिककडचे. शिस्तीचा माणूस. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांचे मोबाइल गेटवर जमा करायला लावले, ऑफिसचे फोन हातात दिले आणि त्यात कामापुरतं एक मेसेजिंग सॉफ्टवेअर टाकून दिलं. कामाचं काय ते त्याच्यावर बोलायचं.

लोक बोलू लागले. इतके बोलू लागले, की वर्षभरात ग्रुपचं रान माजलं. एकट्या डिस्पॅचचेच बघा: ‘डिस्पॅच’, ‘डिस्पॅच नवीन’, ‘डिस्पॅच फायनल’, ‘डिस्पॅच खरा’. गाडी निघाल्याचा मेसेज एका ग्रुपवर, गाडी अडकल्याचा दुसऱ्यावर. साहेब तिसऱ्यावर वाट बघत बसलेले.

आता हे का झालं, ते सांगते. आमच्याकडे ग्रुप सोडणं म्हणजे रुसणं. स्टोअरच्या गंगाधररावांचा अंगठा चुकून पडला आणि ते ग्रुपमधून बाहेर गेले, तर संध्याकाळी तिघं जण त्यांच्या घरी समजूत काढायला गेले होते. गंगाधररावांनीही मग अंगठ्याचं काही सांगितलं नाही. चहा घेतला, थोडे आढेवेढे घेतले आणि परत आले. कोणाला ग्रुपमधून काढणं तर त्याहून वाईट, ते म्हणजे पंगतीतून उठवणं. त्यामुळे एखादा माणूस नको असेल तर त्याला काढत नाहीत. त्याला तिथेच ठेवतात आणि बाकीचे सगळे उठून शेजारी नवा ग्रुप करतात. कोणाचा अपमान नाही, काही नाही.

साहेबांना हे कोण सांगणार? त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “एक ॲप करा. ग्रुप सांभाळणारं.”

मी केलं. अशा सॉफ्टवेअरला बाहेरच्या प्रोग्रामसाठी एक दार ठेवलेलं असतं, त्याला एपीआय म्हणतात. त्या दारातून आत जाऊन ग्रुपमध्ये बसणारा प्रोग्राम म्हणजे बॉट. तो ग्रुप बनवतो, माणसं घेतो, काढतो, बंद पडलेले ग्रुप गुंडाळून ठेवतो. माणसांच्या टोळ्या सांभाळायच्या म्हणून मी त्याचं नाव मुकादम ठेवलं. त्याचं मुख्य काम एकसारखे ग्रुप शोधायचं. दोन ग्रुपमधली जवळजवळ सगळी माणसं सारखी असतील तर मुकादम ते एकत्र करतो. दोन्हीकडची सगळी माणसं एका ग्रुपमध्ये आणि जुने मेसेजही सोबत. मेसेज हरवता कामा नयेत, ही साहेबांची खास अट होती.

ॲप चालवण्याआधी ड्राय रन करतात. म्हणजे प्रोग्राम काय करणार आहे ते नुसतं सांगतो, करत काही नाही. तोच आम्ही बघत होतो. रिपोर्टमध्ये ग्रुपची नावं होती आणि किती माणसांचा फरक तो आकडा. माणूस कोण, ते नव्हतं. देवाची कृपा.

“परवा चालवून टाका,” साहेब म्हणाले.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. कारण ‘ऑफिस सगळे २’मध्ये येळवशीचं नियोजन चालू होतं, आणि येळवस चार दिवसांवर, सोमवारी होती.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, आमच्या भागातला सण; नाशिककडे तो नसतो. रानात ज्वारी, हरभरा डोलत असतो. घरातलं प्रत्येक माणूस त्या दिवशी शेतात जातं, कडब्याच्या खोपीत पूजा होते, मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, खीर आणि मडक्यातली गार आंबट आंबील. पालमच्या पोरांना परीक्षा चुकवता येईल, येळवस नाही. पण कंपनीच्या कॅलेंडरवर ती सुट्टी नाही. म्हणून आमच्याकडे कारणं द्यायची पद्धत आहे. डिस्पॅचचे रुस्तुममामा, प्लांटमधले सगळ्यात जुने, ते कारणांचं वाटप करतात. ताप दोघांनाच, जास्त झाला तर साथ वाटते. पोट एकाचं. पाहुण्यांकडचं लग्न दोन, पण गावं वेगळी. यंदा तापातली एक जागा मला मिळाली होती.

हे मामांना सुचलं ते गेल्या वर्षीच्या अनुभवावरून. तेव्हा ज्याने त्याने आपल्या मनाने कारण दिलं होतं आणि सगळ्यांनाच जुलाब झाले होते. साहेब नवीन होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी पाण्याची टाकी धुऊन घेतली आणि फिल्टर बसवला. त्या फिल्टरचं पाणी आम्ही अजून पितो.

मी जाऊन मामांना गाठलं. “मामा, परवा साहेब ‘सगळे २’मध्ये येणार आहेत. मागच्या सगळ्या मेसेजसकट.”

“कोण घ्यायलंय त्यास्नी?”

“मुकादम.”

“मंग मुकादमाला सांग की, आपला माणूस हाय म्हणून.”

मला ते एक ओळ लिहून करता आलं असतं. पण साहेब माझा कोड वाचायचे. कळायचा नाही, पण वाचायचे. ‘हा ग्रुप सोडून’ अशी ओळ त्यांनी नक्की पकडली असती. ग्रुप मिटवायची सोय कोणाला ठेवलेलीच नव्हती. नाव बदलूनही उपयोग नव्हता, मुकादम नावाकडे बघत नाही, माणसं मोजतो.

“माणसंच मोजतंय ना?” मामांचे डोळे चमकले. “मंग वाढवू की माणसं. फिकर करू नको पोरी.”

मला हे सुचायला हवं होतं. गाड्यांच्या वेळा कळाव्यात म्हणून आमच्या ड्रायव्हर लोकांनाही सॉफ्टवेअरचं खातं दिलेलं होतं. मामांनी चहा संपेपर्यंत सगळ्या ड्रायव्हरना ‘सगळे २’मध्ये ओढलं. दोन ग्रुपमधलं साम्य धाडकन खाली आलं. संध्याकाळी परत ड्राय रन केला तर ती जोडी रिपोर्टमधून गायब.

“इथली जोडी कुठे गेली?” साहेबांच्या लक्षात होतं.

“सभासद बदलले, साहेब.”

“बघा,” ते समाधानाने म्हणाले, “नुसती चाहूल लागली तरी माणसं स्वतःहून सुधारतात.”

मी मान डोलावली. त्या दिवशी मी घरी जाताना एसटीत एकटीच हसत होते, शेजारची बाई जरा सरकून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला आणि मामांना केबिनमध्ये बोलावलं. दारात त्यांचा ड्रायव्हर बालाजी उभा होता, कोणीतरी मारल्यासारखं तोंड करून. ट्रकच्या ड्रायव्हरांबरोबर मामांनी त्यालाही ग्रुपमध्ये ओढलं होतं, हे मला त्याला बघताक्षणी उमगलं. झालेलं असं, की बालाजीने रात्रीत सगळे मेसेज वाचले. प्रत्येकाला कारण मिळालेलं, त्यालाच नाही. ग्रुपच्या नावातच ‘सगळे’, तेव्हा साहेब त्यात असणारच. म्हणून गाडी चालवता चालवता त्याने सरळ साहेबांनाच विचारलं, “साहेब, मला कोणचं कारण हाय? मामा इसरले जणू. आन तुमाला कोणचं दिलंय?”

गाडी बाजूला घेऊन साहेबांनी त्याच्या फोनवर सगळं वाचलं होतं.

केबिनमध्ये त्यांनी बालाजीचा फोन टेबलावर ठेवला. मग मला म्हणाले, “ताप तुम्हाला का?”

“हो साहेब.”

“कसं वाटतंय आता?”

मी खाली बघितलं. मामा मात्र सरळ उभे होते. “पोरीला बोलू नका साहेब. मी केलंय समदं.”

“सोमवारी सगळ्यांची रजा रद्द केली तर?”

“तुमच्या हातात हाय,” मामा म्हणाले. “पर वरसातनं एकदा लक्ष्मी रानात येती, आन घरचं माणूस कंपनीत गोण्या मोजत बसलं तर जिवाला बरं वाटत न्हाई. न्हाई वाटत.”

“मग विचारायचं होतं मला!”

“इचारलं असतं तर तुमी न्हाई म्हणला असता. तुमी न्हाई म्हणल्यावर जाता येत न्हाई. न इचारता जाता येतंय.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. “गेल्या वर्षी मी प्रत्येकाच्या घरी फोन केला होता,” ते म्हणाले. “तब्येतीची चौकशी करायला. दिवसभर या प्लांटमध्ये मी आणि वॉचमन. दुपारी बिस्किटं खाल्ली.” मग माझ्याकडे वळले. “ते राहून गेलेलं बिचारं मीच होतो तर.”

मला खरंच वाईट वाटलं. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

“चालवा तुमचा मुकादम,” ते म्हणाले. “आत्ता. माझ्यासमोर.”

“साहेब, आता ते ग्रुप सारखे नाहीत. तो एकत्र करणार नाही.”

“मग मला हाताने घ्या.”

मी मुकादमला तशी आज्ञा दिली. प्लांटमधल्या सगळ्या फोनवर एकदम टुण्ण वाजलं: मुकादमने खैरनार साहेबांना ग्रुपमध्ये घेतले आहे. काचेतून दिसत होतं, बाहेर एकेक माणूस जागच्या जागी थांबला होता. गंगाधररावांच्या हातात गोणीचं एक टोक तसंच राहिलं.

ग्रुपवर साहेबांचा पहिला मेसेज आला: सोमवारी मेंटेनन्ससाठी प्लांट बंद राहील. कोणीही आजारी पडू नये.

उत्तर द्यायची कोणाची छाती होईना. शेवटी मामांनी तिथेच उभ्या उभ्या, एका बोटाने, लिहिलं: साहेब सोमवारी आमच्या रानात जेवाया या.

आता एकाने चारचौघांत बोलावलं म्हटल्यावर बाकीच्यांनी न बोलावून कसं चालेल? गंगाधररावांचं आमंत्रण आलं. मग अकाउंट्सचं, लॅबचं, बालाजीचं. मीही दिलं. साहेब भराभर प्रत्येकाला ‘येतो’, ‘नक्की येतो’ असं लिहीत सुटले. चेहरा लहान पोरासारखा फुलला होता.

मामांनी हळूच मान पुढे केली. “साहेब, हो म्हणला तर जावं लागतंय बरं का. आन गेलं की खावं लागतंय.”

“त्यात काय मोठंसं,” साहेब म्हणाले.

सोमवारी ते आमच्या शेतात आले तेव्हा दुपार टळायला आली होती. आम्ही त्यांचे कितवे ते मला माहीत नाही, बालाजीलाही सांगता येईना. माझ्या आईने पत्रावळीवर भज्जी वाढली, वर दोन उंडे ठेवले. साहेब तिच्याकडे बघून क्षीण हसले. “थोडंच,” म्हणाले. आईने ते ऐकलं, आणि आमच्याकडे ‘थोडंच’ म्हणणाऱ्याला जितकं वाढतात तितकं वाढलं. मग तांब्याभर आंबील. पोट भरल्यावर आंबील प्यायली की माणसाला जी गुंगी येते, ती साहेबांना आधीच तीन-चार शेतांपूर्वी आलेली असावी. ते खोपीला टेकून म्हणाले, “फार छान लोक आहात तुम्ही,” आणि बसल्या जागी झोपले. बालाजीने त्यांना उठवून पुढच्या शेतात नेलं, कारण तिथली माणसं वाट बघत होती.

मुकादम अजून चालू आहे. मी त्यात एकच बदल केला. दोन ग्रुप एकत्र करण्याआधी तो आता ग्रुप करणाऱ्याला विचारतो, ‘कोणाला मुद्दाम बाहेर ठेवलं आहे का?’ उत्तर प्रत्येक वेळी ‘नाही’ असंच येतं. ते खोटं असतं, हे त्याला कळत नाही आणि मला कळतं. एवढ्यावरच माझी नोकरी टिकून आहे. ग्रुप सांभाळणारं ॲप करणाऱ्यांना माझा सल्ला इतकाच, की ग्रुपमध्ये कोण आहे ते मशीनला मोजू द्या, कोण नाही ते स्वतः उठून बघा.

आणि हो, मंगळवारचं राहिलंच. सगळा स्टाफ वेळेवर हजर होता, ठणठणीत. फक्त साहेब नव्हते. साडेदहाला ग्रुपवर त्यांचा मेसेज आला: ताप आहे. येऊ शकत नाही.

मग एकेकाने त्यांना फोन करून तब्येतीची चौकशी केली. आणि रुस्तुममामांनी त्याच दुपारी, कोणी न सांगता, पाण्याची टाकी धुऊन घेतली.