स्किन ओपीडीतले चमत्कार

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये कारखाना, क्वार्टर्स, हॉस्पिटल सगळं एकाच आवारात. सकाळचा पेशंट संध्याकाळी भाजीबाजारात शेजारी उभा! मी ड्रेसिंगची सिस्टर. किस्से साठवावे लागत नाहीत, मलमासारखे बोटांना चिकटून घरी येतात.

*

ग्राइंडिंगवाल्या साहूजींचा अंगठा हजेरीच्या मशीनला पटेना. रेषाच झिजलेल्या!

"सिस्टर, मशीन कहती है मैं मैं नहीं हूँ!"

आमच्या स्किनच्या डॉक्टर, पाध्ये मॅडम, म्हणाल्या, "छुट्टी लो. डिजाइन नीचे की परत में है, वापस आएगी."

साहूजी परत आले ते अंगठा पुढे करूनच. रेषा त्याच, जशाच्या तशा! ही नक्षी आईच्या पोटातच पक्की होते, हे मॅडमनी सांगितलं, तेव्हा ते अंगठ्याकडे बघतच राहिले.

"मतलब, अम्मा के घर की छपाई है!"

*

कुलकर्णी इंजिनिअरांची मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली. कातडी इतकी पातळ की आतलं शिरांचं निळं जाळं दिसायचं. हाय व्होल्टेजला न घाबरणारा माणूस काचेच्या पेटीपाशी हात मागे बांधून उभा.

"सिस्टर, हात लावला तर फाटेल का हो?"

पण ती कातडी रोज थोडी थोडी घट्ट होत गेली. पोटात राहिलेलं काम बाहेर चालू! एक दिवस मी त्यांचं बोट तिच्या मुठीत दिलं. तिने गच्च धरलं.

"कोण करतंय हो हे काम?" ते पुटपुटले.

*

भट्टीवरच्या देशमुखांचा भाजलेला हात पोटाची जाड कातडी चरबीसकट लावून वाचवला होता. रिटायर झाले, अंगाने सुटले, आणि हाताची पाठही फुगली! घाबरून आले.

मॅडम हसल्या. "कातडी पोटाची आहे, पोटासारखीच वागणार."

देशमुख वहिनी लगेच म्हणाल्या, "म्हणजे आजपासून दोन्ही पोटांचं जेवण बंद!"

*

बर्वे काकांच्या नाकाला कॅन्सर झाला. नाक काढून कपाळाची कातडी खाली वळवली आणि नवं नाक केलं. रक्त मिळावं म्हणून काही आठवडे तिचं मूळ कपाळालाच ठेवतात, स्पर्शाच्या नसाही कपाळाच्याच राहतात. काकांनी घरातले आरसे झाकले. तीन वर्षांची नात चिऊ त्यांना बघून दाराआड लपायची. ते मात्र सगळ्यात जास्त लागलं त्यांना.

मी घरी ड्रेसिंगला गेले होते. पट्टी उघडली, तेवढ्यात चिऊ हळूच आली.

"आजोबा, दुखतं?"

मी ओरडणार, तोच तिने नव्या नाकाच्या शेंड्यावर अलगद मुका घेतला.

काका दचकले. हात नाकाकडे गेलाच नाही, कपाळाकडे गेला.

"सिस्टर... मुका इथे लागला."

त्यांनी डोळे मिटले.

"माझी आई इथेच घ्यायची."