बोटीवरचं वॉर्निश

इंजिनवाल्या काकांनी एकतीस वर्षं एकाच फेरीबोटीचं इंजिन सांभाळलं. ती भंगारात निघाली त्याच वर्षी तेही निवृत्त झाले, आणि रिकामपण खायला उठलं तेव्हा तिची हातभर लांब प्रतिकृती करायला बसले. फोटो कुणाकडेच नव्हता; मापं काकांच्या डोक्यात. दोन वर्षं स्वयंपाकघरातलं अर्धं टेबल बोटीने अडवलं. "माझी सवत ती," काकू आल्यागेल्याला सांगायच्या, "पण जेवायला मागत नाही, एवढं नशीब."

निळा रंग झाला. त्यावर पांढरी रेघ आणि बोटीचा क्रमांक काकांनी चार केसांच्या ब्रशने, श्वास रोखून काढला. शेवटी वरून वॉर्निशचा एक हात तेवढा राहिला, आणि चौथ्या दिवशी सकाळी ते अंघोळीला जाताना कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. देवाने डोळे ठेवले, कान ठेवले आणि सगळं कळणारी बुद्धी ठेवली. ही दया की शिक्षा, त्याचं त्यालाच ठाऊक.

तीन महिन्यांनी एका दुपारी काकूंनी टेबल पलंगासमोर ओढलं. "आज मीच लावते. किती दिवस ती अशी कोरडी ठणठणीत बसणार? नखाला रंग लावतात तसंच तर आहे. तोही मी जन्मात लावला नाही म्हणा."

आणि त्यांनी बाटली औषधासारखी खसाखसा हलवली.

काकांना ते बघवेना. वॉर्निश काडीने हळू ढवळायचं असतं. हलवलं की बुडबुडे येतात. पण काकूंचा हात त्यांना वाटला होता त्यापेक्षा स्थिर निघाला. नाळेकडून, बोटीच्या पुढच्या टोकापासून, ब्रश सरळ मागे येत गेला आणि निळा रंग नुकताच न्हाऊन आल्यासारखा उजळला. फक्त त्यावर मोहरीएवढे बुडबुडे होते. ब्रश क्रमांकाच्या अर्ध्यावर आला, आणि काकांना राहवलं नाही. त्यांनी डावा हात पलंगाच्या कठड्यावर आपटला.

ब्रश तिथेच ठेवून काकू धावल्या. "काय हो? पाणी? कूस बदलू? पंखा बंद करू? भांडं देऊ?" प्रत्येक वेळी काकांची मान नाही म्हणत होती. "मग हवंय तरी काय? लहान मूल परवडलं बाई, रडून मोकळं तरी होतं." काकांनी डोळ्यांनी बोटीकडे खूण केली. काकू हसल्या. "हो, छान दिसतेय की. तेच सांगत होतात होय?" तरी त्यांनी उशी सारखी केली, चादर बदलली, तोंड पुसलं.

तेवढ्या वेळात बुडबुडे आपसूक फुटून गेले होते. पण आता वॉर्निश अर्धवट सुकलं होतं. अशा वेळी त्यावर परत ब्रश लावायचा नसतो. खालचा रंग उठतो. एक दिवस थांबायचं, बस्स. काकांनी पुन्हा कठडा वाजवला. "आलेच, एवढंच राहिलंय," म्हणत काकूंनी अर्ध्यावर सुटलेल्या क्रमांकावरून ब्रश फिरवला. एकदा फिरवला, नीट बसेना म्हणून पुन्हा.

रेघ ब्रशला चिकटून वर आली. क्रमांक दूध सांडावं तसा निळ्यात पसरला. काकूंनी फडक्याने टिपायला घेतलं, तर होतं तेवढंही पुसलं गेलं.

त्या फडकं ठेवून आल्या. मग पलंगाच्या कडेला बसल्या. "तुमच्या हातचं होतं ते," हलक्या आवाजात म्हणाल्या. "माझी मेलीची घाई नडली. देव मला काही क्षमा करायचा नाही."

घाई तुझी नव्हती, हाक माझी होती, मी गप्प पडून राहिलो असतो तर सगळं निभावलं असतं, एवढंच काकांना सांगायचं होतं. त्यांनी सगळा जीव ओठांत आणला. घशातून घोगरा, रागावल्यासारखा आवाज निघाला.

काकूंनी मान खाली घातली. "रागवा," त्या म्हणाल्या, "तुमचा हक्कच आहे."