दाभणवाले व्याही

आमच्या व्याह्यांच्या घरात आजवर एकही वस्तू मेलेली नाही. फुटका माठ कुंडी होतो, कुंडी फुटली की खापऱ्या लगोरीला जातात, आणि लगोरीतली एक खापरी हरवली तर व्याही अख्खी गल्ली शोधायला लावतात. माणूस इस्लामपूरचा. साखर कारखान्याच्या गोदामात पोत्यांची तोंडं शिवण्यात जन्म गेला. रिटायर झाले तेव्हा दाभण परत द्यायचं राहिलं की यांनी दिलंच नाही, ते मी कधी विचारलं नाही. ते अजून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतं. माझ्या लेकीच्या लग्नात व्याहीभेटीला आम्ही गळ्यात गळा घातला, तेव्हाच ते मला पहिल्यांदा टोचलं.

आम्हा दोघांत मिळून नातवंडं दोन. नात नऊ वर्षांची, नातू सहाचा. त्यांना दुकानातलं खेळणं आणायचं नाही असा व्याह्यांचा कायदा. "इकत घेतल्यालं दोन दिसांत मोडतंय," म्हणतात. "आपुन केल्यालं बी मोडतंय, पन ते परत करता येतंय." गळिताच्या दिवसात उसाच्या चिपाडाची बैलगाडी, एरवी दुकान-दुकान खेळायला करवंट्यांचा ताजवा, दुधाच्या पिशव्यांची वेणी घालून उड्या मारायची दोरी. घरात लग्नपत्रिका आली की आधी कागद किती जाड आहे ते बघतात, लग्न कुणाचं ते नंतर. एकदा अशाच एका पत्रिकेचा मोर केला. मोर लय देखणा झाला आणि सख्ख्या भाच्याचं लग्न चुकलं, कारण तारीख मोराच्या पोटात गेली होती. बहीण भांडायला आली तर तिला मोर दाखवला. जाताना ती मोर घेऊन गेली.

बैलगाडीला चाकं लागतात ती जुन्या चपलेची. मी एकदा त्यांच्याकडं सोप्यात चपला काढून जेवायला बसलो. हात धुवून बाहेर आलो तर एका चपलेला टाच नव्हती आणि नातू अंगणात गाडी पळवत होता.

मी म्हणालो, "पावणं, नवी हुती ती. दसऱ्याला घेतल्याली."

व्याह्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आवं, मला काय ठावं? तुमच्या अंगावर काय बी जुनंच दिसतंय."

गेल्या साली दिवाळी सरल्यावर माझी बायको गेली. आमचं गाव कोयनानगरच्या खाली, घरात मी आणि गोठ्यात म्हैस. नातवंडं यायची बंद झाली. कारण भिंतीवरचा फोटो. तिचा एकटीचा फोटोच कधी काढला नव्हता, म्हणून जावयानं आधार कार्डावरचा मोठा करून आणला. त्यात ती कुणाला तरी शिव्या घालणार एवढ्यात कुणीतरी बटण दाबल्यासारखी दिसते. नातू त्या खोलीत पाऊल टाकेना. मीही पोरांपुढं तिचं नाव काढत नव्हतो. कुणी विषय काढला की उठून म्हशीला पाणी दाखवायला जायचो. त्या दिवसात म्हैस लय पाणी प्याली.

दुःखाचं साल, म्हणून दिवाळीला घरात तळण नाही, कंदील नाही. रीतीप्रमाणं व्याही फराळाचा डबा घेऊन आले आणि दोन्ही पोरं बरोबर घेऊन आले. डबा देऊन जायचं, तर राहिलेच. तिसऱ्या दिवशी मी डेअरीला दूध घालून दिवेलागणीला घरी आलो, तर दारात चौकोनी कंदील. कामट्यांचा सांगाडा, सुतळीची शिवण, आत बल्ब, आणि चारी बाजूंना माझ्या बायकोच्या बरगड्या.

कराडच्या दवाखान्यात काढलेले तिचे एक्सरे होते ते. मी ट्रंकेत तिच्या लुगड्याखाली ठेवले होते. डॉक्टर म्हणाले होते, जपून ठेवा. माणूस गेल्यावर कुठवर जपायचे ते कुणी सांगितलं नाही, म्हणून मी जपत होतो. भिंतीवरच्या फोटोपेक्षा ते मला तिचे जास्त वाटायचे.

आमच्याकडं मुलीचा बाप व्याह्याला शिव्या देत नाही. मी दिल्या. शेवटी म्हणालो, "ते उतरवा आनि सकाळच्या गाडीनं जावा."

 व्याह्यांनी स्टुलावर चढून कंदील उतरवला आणि उंबऱ्यात बसून दाभणानं एकेक टाका उसवायला लागले.  पहिली फिल्म सुटली ती त्यांनी धोतराला पुसून माझ्या हातात दिली. कडेनं भोकं पडली होती.

"चुकलं माजं," म्हणाले. "कुनाचं हाय ते इचाराया पायजे हुतं."

नात माझ्या कोपराशी येऊन उभी राहिली. "आजा, ह्यो आजीचा फोटू हाय?"

"व्हय."

"मग हितं गाठ कसली?" तिनं एका बरगडीवर बोट ठेवलं.

ती गाठ डॉक्टरांनीही दाखवली होती. जुनी मोडलेली बरगडी, आपली आपण जुळलेली. मी फिल्म बल्बापुढं धरली आणि पोरीला सांगायला लागलो. भातलावणीचे दिवस होते, आम्ही सगळे चिखलात. घरी म्हशीनं आजीला गव्हाणीवर दाबलं. आजी तशीच पंधरा माणसांची न्याहारी डोक्यावर घेऊन बांधावर आली आणि कुणाला बोलली नाही. मला ते दवाखान्यात कळलं, वीस वर्षांनी. का गं सांगितलं न्हाईस, विचारलं, तर म्हणाली, "तुमी म्हशीला मारलं असतं."

नातू हळूच पुढं सरकला. "आजी भिंतीवरच्या फोटूत रागावलीया, ते म्हशीवर?"

"व्हय. म्हशीवरच."

तो आत गेला, फोटोपुढं उभं राहून बघून आला आणि माझ्या मांडीवर बसला. मग मला थांबता येईना. जेवणं राहिली. व्याह्यांचं उसवणं कधी थांबलं ते कळलं नाही. सगळं बोलून झाल्यावर मी फिल्म त्यांच्यापुढं केली. "शिवा परत."

"तुमीच शिवा," म्हणाले आणि दाभण माझ्या हातात दिलं. आजवर ते त्यांनी सख्ख्या पोरालाही दिलेलं नाही. माझे टाके वाकडे आले. ते बघून म्हणाले, "साखरंचं पोतं असतं तर कराडपातुर सांडत गेलं असतं."

सकाळी भावकीतला एकजण दारात उभा. "दुखाच्या घरात कंदील लावलासा?"

व्याही राखुंडीनं दात घासत होते. चूळ भरून म्हणाले, "कंदील कुटला? फोटू हाय त्यो. नीट दिसावा म्हनून आत बल्ब टाकलाय."

दिवाळी सरली, तुळशीचं लग्न झालं, पण मी तो उतरवलेला नाही. रोज दिवेलागणीला इस्लामपुरातनं फोन येतो. आधी व्याही बोलतात, माझा एखादा टाका सुटला का विचारतात. मग नात फोन घेते. "आजा, आजी लावली का?"

"लावली," मी म्हणतो. एखाद दिवशी राहिलेलं असतं. मग फोन कानाला तसाच धरून उठतो आणि बटण दाबतो. पोरीशी खोटं नको.