काळ्याचं मटण

शेजारी कांदा-खोबरं भाजायला घेतलं, की मला साखरा गावातलं आमचं अंगण दिसतं. धाकटा भाऊ रामा फौजेचं ट्रेनिंग संपवून आला होता. दारात हलगी वाजत होती. बापानं काळ्या कापला होता. त्या बोकडाला रामानंच बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. शेळी विकली तरी उपाशी झोपणारं पोरगं ते.

"सांगू नका त्याला," माय कुजबुजली.

जेवता जेवता त्यानंच विचारलं, "काळ्याच हाय ना?"

"व्हय," मी म्हणाले.

त्यानं ताट पुढं केलं. "वाढ अजून."

"आता खरा फौजी झाला!" बाप म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. रामा खाली मान घालून जेवत राहिला.

आता वाटतं, त्यानं ते ताट भिरकावायला पाहिजे होतं.