ऑकलंडला किती तास

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. सख्ख्या बहिणीजवळही नाही. तुमच्याजवळ बोलतेय... का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मी खांदा कॉलनीत राहते. शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाले, वर्षभरात हे गेले, आणि मग दिवसभरात माझ्याशी बोलणारं एकच माणूस उरलं — समोरच्या दारातल्या हमीदाआपा. त्याही एकट्याच. मुलगी रुबिना लग्न होऊन न्यूझीलंडला, ऑकलंडमध्ये. रोज चार वाजता आपा माझ्याकडे चहाला यायच्या. त्या चहासाठी मी सकाळी उठायचे, असं म्हटलं तर पटेल तुम्हाला?

रुबिनाला दिवस गेले. तिनं आईला बोलावलं, विमानाची माहिती फोनवर पाठवली. आपांना इंग्रजी येत नव्हतं. त्या फोन घेऊन माझ्याकडे आल्या.

"बघा ना बाई, किती तास लागतात? बसून बसून पाय सुजतात हो माझे."

मी चष्मा लावला. मुंबईहून सिंगापूर, तिथे थोडं थांबायचं, पुढे थेट ऑकलंड. बारा हजार किलोमीटर, एकोणीस तास. सगळं स्वच्छ लिहिलेलं. पण मला दिसत होतं ते समोरचं बंद दार. सहा महिने — कदाचित कायमचंच.

"छत्तीस तास," मी म्हणाले. "दोनदा विमान बदलायचं. तुमच्या पायांना नाही झेपणार, आपा."

त्यानंतर रुबिनानं त्यांना फोनवर सांगितलं, अम्मी, एकोणीसच तास आहेत. आपांनी ते मलाच येऊन सांगितलं — वर म्हणाल्या, पोरीला आई हवीय, ती कमीच सांगणार. बाई, तुम्ही जन्मभर नकाशे शिकवले, तुम्ही कशा चुकाल? तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना मी? मी त्यांना चहा ओतून दिला.

रुबिना आईविना बाळंत झाली. आपा माझ्या सोफ्यावर बसून फोनमध्ये नातवाला बघत होत्या, डोळे पुसत होत्या. त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते — मी.

दोन वर्षांनी जावई स्वतः येऊन त्यांना घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"बाई, एकोणीस तासच लागले. मी तर झोपूनच आले. तुम्ही बघितलं ते दुसरं विमान असेल."

"असेल," मी म्हणाले.

मग म्हणाल्या, "पोर जवळ येत नाय हो माझ्या. उचललं की रडतो. त्याला काय माहीत, मी कोण?"

आपा आता तिथेच असतात. अधूनमधून फोन करतात. मी तब्येतीचं विचारते, ठेवून देते. वाचताना बाईंची नजरचूक झाली, असं त्या अजून धरून आहेत.

नजरचूक नव्हती. मी नीट वाचलं होतं.