राजापूरच्या पुढे, जरा आत

मी जळकी आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. साड्या, दागिने, कुणाच्या नवऱ्याची बढती, यांच्यावर मी कधी जळले नाही. मी जळले ती लोकांच्या गावांवर. आणि तेही बारा महिने नाही. शिमग्याच्या आधी पंधरा दिवस सुरू व्हायचं, ते आंबे संपेपर्यंत.

आमच्या पाच पिढ्या गिरगावात गेल्या. त्याआधीचे कुठून आले ते घरात कुणालाच सांगता येत नाही. विचारलं की वडील म्हणायचे, "आपण इथलेच." लहानपणी त्यात काही कमी वाटलं नाही. वाटायला लागलं ते परळच्या शाळेत शिकवायला लागल्यावर. मधल्या सुट्टीत आम्ही चौघी एका टेबलावर डबा खायचो. मी नवीन. पहिल्याच आठवड्यात एकीने विचारलं, "गाव कुठलं गं तुझं?"

"गिरगाव."

तिघीही खो खो हसल्या. "अगं, ते राहायचं झालं. गाव कुठलं?"

फेब्रुवारी संपत आला होता, आणि तिघींच्या गावाकडे वसंत सुरू झाला होता, प्रत्येकीकडे आपापल्या पद्धतीने. एक भंडाऱ्याची. तिच्याकडे पळस पानं टाकून नुसता लाल होतो आणि भल्या पहाटे बायका मोहफुलं वेचायला निघतात. त्या वासानं म्हणे डोकं जड होतं. दुसरी साताऱ्याकडची. तिला फुलाबिलांचं कौतुक नाही. ज्वारी काढून झाली, कडुलिंबाला तुरे आले, जत्रेची तारीख कळली, की झाला तिचा वसंत. तिसरी गुहागरची, माझ्या शेजारी बसायची. तिच्याकडे शिमग्याला देवीची पालखी थेट अंगणात यायची, आणि मागच्या परसात तेव्हाच काजूची बोंडं पिकलेली असायची.

आणि माझ्याकडे? गल्लीच्या तोंडाशी एक पिंपळ आहे. तो एका आठवड्यात पानं टाकतो आणि तांबूस कोवळी पानं काढतो. कोकिळा पहाटे पाचपासून केकाटते, त्यावर समोरच्या इमारतीतले लोक वैतागतात. बाकी सगळा वसंत आमच्याकडे टेम्पोतून येतो, दुसऱ्याच्या गावाहून.

तिघी माझ्याकडे बघत होत्या. माझ्या पोटात असं काही दुखलं म्हणून सांगू!

"राजापूरच्या पुढे," मी म्हटलं. "जरा आत."

झालं. तोंडातून गेलं ते गेलं. गावाचं नाव मी पुटपुटल्यासारखं काहीतरी सांगितलं, कुणी परत विचारलं नाही. पण पुढच्या आठवड्यात घर विचारलं, म्हणून कौलारू घर आलं. घरात कोण, म्हणून एक काका आले. दारात कलमाचा आंबा आला, विहीर आली. दरवर्षी काही ना काही वाढत गेलं. मे महिन्यात सगळ्या गावाला जायच्या तेव्हा मीही "जाऊन येते हं" म्हणायची आणि गिरगावात दारं लावून बसायची. दादरच्या बाजारात कोकम घ्यायचं आणि जूनमध्ये टेबलावर ठेवायचं. काकांनी दिलं म्हणून.

गुहागरवाली मात्र खरंच आणायची. ओले काजूगर, सोलून, डब्यात भरून. तिची बोटं चिकाने काळी पडलेली असायची. अर्धा डबा ती माझ्यापुढे सरकवायची, आणि मी चवीने खायची आणि खाता खाता जळायची. एवढं देणारं माणूस आणि त्याच्यावर जळायचं! पण जळायची. तिची ती काळी बोटंसुद्धा मला हवी होती.

एका वर्षी माझं पितळ उघडं पडता पडता राहिलं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऐटीत सांगितलं, "दारातला आंबा नुसता मोहोरलाय, काकांचा फोन होता." पुस्तकात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख आणि वसंत म्हणजे मोहोर, एवढंच माझं शिक्षण. गुहागरवालीने घास तसाच हातात धरला.

"आत्ता मोहोर? गो, आमच्याकडे आंबे पेटीत भरायला लागले!"

"यंदा उशीर झालाय," मी म्हटलं. "हवा बदललीय ना."

मला वाटलं, हसेल. तर ही बया काळजीत पडली. रात्री भावाला फोन करून विचारलंन, दुसऱ्या दिवशी कागदावर औषधाचं नाव लिहून आणलंन. "काकांना सांग, दुर्लक्ष करू नका. झाड जाईल." मी तो कागद पर्समध्ये ठेवला. त्या दिवशी खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

अशी आठ वर्षं गेली. गेल्या वर्षी, शिमग्याला तीनेक आठवडे असताना, गुहागरवाली डबा न उघडता बसून राहिली. बाकीच्या दोघी पेपरांच्या गठ्ठ्यांत होत्या. तिने मलाच सांगितलं. भावांनी घर विकलं होतं, परसासकट. तिथे कुणाचं तरी हॉटेल होणार होतं. तिनेही सही केली होती, कारण भावांशी भांडून माहेर राहत नाही, असं ती म्हणाली.

तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मनात आलं, बरं झालं. आता आपण दोघी सारख्या. मग तिचा चेहरा बघितला आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

ती म्हणाली, "यंदा पालखी आमच्या अंगणात थांबणार नाही. सत्तेचाळीस वर्षांत असं झालं नाही गो. लग्नानंतरसुद्धा मी चुकवली नाही." मग जरा थांबून म्हणाली, "तुझ्या गावी ने मला. तुमच्याकडेही येत असेल ना पालखी? तुझ्या अंगणात उभी राहून ओटी भरीन. कुणाचं का असेना, अंगण पाहिजे."

मी "काकांना विचारते" म्हटलं. चार दिवस काढले. तेवढ्यात तिने रजा मंजूर करून घेतली. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर मला ओढत दादरला घेऊन गेली, देवीच्या ओटीला खण घ्यायला. दुकानदार एकावर एक खण टाकत होता. ती प्रत्येक खण उजेडात धरून बघत होती, आणि मला विचारत होती, "तुमच्या देवीला हिरवा चालतो ना?"

"मला गाव नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"नाहीच आहे. कधीच नव्हतं."

तिला पटेना. "न्यायचं नसेल तर नको नेऊस. पण गावाबद्दल असं बोलू नये."

"अगं, खरंच नाही. मी खोटं बोलले."

"आणि काका?"

"काका दहिसरला असतात. त्यांनी राजापूर बघितलंसुद्धा नाही."

तिने हातातला खण खाली ठेवला. नीट घडी घालून ठेवला. दुकानदाराने दोघींकडे बघितलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

"का?" तिने विचारलं.

आता लपवण्यासारखं काय उरलं होतं? "जळत होते," मी म्हटलं. "तुझ्यावर सगळ्यात जास्त."

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती दुकानातल्या स्टुलावर बसली आणि रडायला लागली. रडता रडता सांगत होती, मला की स्वतःला कोण जाणे, की पालखी टेकवायचा दगड तुळशीच्या डाव्या हाताला आहे, आईने तो दर शिमग्याला शेणाने सारवला, आता तो दगड ते लोक उचलून कुठे टाकतील. मी तिची पिशवी धरून उभी होते. असा एक दगड नाही माझ्याकडे, ज्याच्यासाठी मी भर बाजारात बसून रडेन.

तिने पदराने तोंड पुसलं. "आता कसली जळतेस? आता माझ्याकडे तरी काय राहिलंय?"

खोटं बोलायची माझी सवय आठ वर्षांची. पण त्या क्षणी जमलं नाही.

"अजून जळते," मी म्हटलं.